मे महिना, हिप्परग्याचा काठ आणि रिकामा गळ

गळाला_लागलेला (सोलापूर) | 4 मे, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. नोकरी बँकेत, जीव गळात. गेल्या दिवाळीपासून हा नाद लागलाय. थंडीत हिप्परग्याच्या तलावावर बसलं की दोन तासांत चार-पाच चिलाप्या आणि नशीब असलं तर एखादा रोहू हमखास. मार्च सरला आणि दुकान बंद. एप्रिलपासून चार रविवार गेलो. सकाळी 10 ला पोचतो, 1 पर्यंत बसतो, डोक्यावर ओला टॉवेल, समोर कणकेचा गोळा लावलेला गळ. पाण्यावर तरंगणारं बूच जागचं हलत नाही. काल पारा 43 ला होता. एक म्हातारबुवा शेरडं पाण्यावर घेऊन आले, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मासं बी सावलीला गेल्यात, तुमीच तेवढं उन्हात हाय."

त्यात भाचा टेक्सासला. तिकडंही उन्हाळ्यात चाळिशी गाठते म्हणतो, आणि हा पठ्ठ्या तळ्याच्या काठावर चड्डीत उभा राहून बास नावाचा मासा ओढतो. होडी नाही, काही नाही. गळाला रबरी बेडूक. त्याचे व्हिडिओ बघून मी पण तीन बेडूक मागवलेत, अजून पाकिटातच आहेत. बायको म्हणते शोकेसमध्ये ठेवा.

होडी माझ्याकडे नाही आणि पोहता येत नाही, त्यामुळे काय ते काठावरूनच. कडक उन्हाळ्यात काठावरून मासा लागतो का, लागत असेल तर कधी आणि कुठं? आणि हा बास आपल्याकडे असतो का?

---

कडक_भाकरी | 4 मे, रात्री 11:05

सकाळी 10 ते 1? मे महिन्यात? सोलापुरात? मासे धरायला चाललालास का स्वतःचं सुकट करायला बे?

---

पेणचा_पाहुणा | 4 मे, रात्री 11:31

बास म्हणजे आपला जिताडा. आमच्याकडे रायगडात खाडीत आणि शेततळ्यात मिळतो, जावयाला करून घालतात. सोलापुरात कुठून येणार?

---

साखरपेठ_ते_टेक्सास | 5 मे, सकाळी 7:40

पाहुणे, जिताड्याला इंग्रजीत एशियन सी-बास म्हणतात म्हणून घोटाळा होतो. धागाकर्त्यांचा भाचा धरतोय तो लार्जमाउथ बास. मूळचा उत्तर अमेरिकेचा, गोड्या पाण्यातला आणि वेगळ्या कुळातला. तो तुम्हाला हिप्परग्याला मिळणार नाही. पण त्याची सगळी लक्षणं ऐकली की मला माहेरचा मरळच आठवतो. गवताच्या कडेला दबा धरून बसायचं, बेडूक-मासोळी जवळ आली की झडप घालायची.

माझे यजमान इथं दर उन्हाळ्यात काठावरून बास धरतात, मी सावलीत बसून पुस्तक वाचते, त्यामुळे जेवढं बघून कळतं तेवढं सांगते. जून ते सप्टेंबर ते पहाटे अंधारात निघतात आणि साडेनऊला घरी असतात, नाहीतर थेट सूर्य बुडाल्यावर जातात. पहिल्या उजेडात पाण्यावर तरंगणारं आमिष, ऊन चढलं की लाकडी धक्क्याखालची सावली, झुकलेलं झाड, पाणवनस्पतींची दाट चटई. जिथं ओढा तळ्याला मिळतो ती जागा ते कधी चुकवत नाहीत, वाहत्या पाण्यात मासा ताजातवाना असतो म्हणतात. उघड्या पाण्यात दुपारी गळ टाकून बसलेले फक्त नवखे असतात. (दादा, राग नसावा.)

उन्हाळ्यात मोठा मासा लागत नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. लार्जमाउथचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे 10 किलोच्या थोडा वर. तो जॉर्ज पेरी यांनी जॉर्जिया राज्यात 2 जून 1932 ला धरला. त्याची बरोबरी व्हायला 77 वर्षं लागली. जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी केली, 2 जुलै 2009 ला. दोन्ही तारखा बघा.

---

भीमाकाठ (माढा) | 5 मे, दुपारी 2:15

आमी उजनी धरणाच्या फुगवट्याकडचं. आजा, बाप, मी, तीन पिढ्या मासेमारी. लिवायला वेळ मिळत न्हाय पण ह्यो प्रश्न बगून बसलो.

पैली गोष्ट, दादा, थंडीतली जागा उन्हाळ्यात चालत न्हाय. पाणी वसरतंय. उजनी मायनसमधी गेली, म्हंजी वापरायचं पाणी सरून मृतसाठा उरला, की आमच्याकडं काठ रोज थोडाथोडा मागं सरकतोय, डिसेंबरात जिथं कमरंएवढं पाणी हुतं तिथं आज लोकांनी गाळपेर केलीया. तुमच्या तलावाचं बी तसंच असणार. तुमी जुन्या जागंवर बसताय आणि समोर पाणी गुडघाभर. वरनं ऊन, खालनं तापल्याला गाळ. त्यात मासा कशाला यील?

उलट ह्योच टाइम हाय तळ वाचायचा. पाणी उतरल्यावर जुना ओढा कुठनं जातुया, दगडाची ताल कुठं हाय, बुडल्याली बाभळ कुठं हाय, समदं उघडं पडतंय. मोबाइलवर फोटू काढून ठिवा. पावसाळ्यात पाणी भरलं की तीच जागा. आमचा बाप ह्या दिवसात गळ कमी टाकायचा आणि काठानं हिंडायचा जास्त. पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यातनं वर आलं की त्यो म्हणायचा, आता धरणानं पुस्तक उघडलं.

काठाला परातीसारखं गोल गोल खड्डं दिसत्याल, ती चिलापीची घरटी. कोरडी पडल्याली दिसली तर वळखायचं की तिच्या पुढं, जरा खोल पाण्यात, तिनं नवी केलीयात.

दुसरी गोष्ट वारा. दुपारनंतर वारा सुटतोय, त्यो ज्या काठावर यिऊन आपटतो त्यो काठ धरा. लोकं उलटं करत्यात, जिथं पाणी संथ हाय तिथं बसत्यात, बूच चांगलं दिसतंय म्हणून. संथ पाणी म्हंजी उन्हाळ्यात मेल्यालं पाणी.

तिसरं, विहिरीच्या आणि उपशाच्या पाइपाजवळ बगा. गळकी पाइप आसंल तिथं थेंब थेंब पाणी पडतंय, तिथं मासोळी जमती आणि तिच्यामागं मरळ. पण मोटारीच्या केबलीपास्नं लांब. कुठं जोड उघडा पडल्याला आसतो, पाण्यात पाय आसतो आणि माणूस जागच्या जागी जातुया. आमच्या हितं झालंय, म्हणून सांगतो.

---

कडक_भाकरी | 5 मे, दुपारी 2:40

"धरणानं पुस्तक उघडलं." आणि आम्ही उजनीकडं बघतो ते फक्त नळाला पाणी किती दिवसांआड येणार हे मोजायला.

---

गळाला_लागलेला | 5 मे, रात्री 9:20

भीमाकाठदादा, दंडवत. जुन्या जागेवरच बसत होतो, अगदी तुम्ही म्हणता तसं. आता एकच विचारतो. पहाटे 5 ला गेलो तर काम होईल ना? सगळे पहाटच सांगतायत.

---

मास्तर_प्राणिशास्त्र | 6 मे, सकाळी 8:10

इथं मला थोडा मोडता घालायचाय. पहाट सगळीकडे चालत नाही.

आधी कारण बघा. उन्हाळ्यात माशाला नुसता उकाडा छळत नाही, त्याला श्वास पुरत नाही. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त वेगानं चालतं, म्हणजे त्याची गरज वाढते. मिळकत घटली आणि खर्च वाढला, अशी गत.

आता पाणी हिरवं असेल, म्हणजे सूक्ष्म शेवाळ भरपूर असेल, तर दिवसा ते शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ श्वसन करून तो खातं. म्हणून हिरव्या, उथळ, साचलेल्या तलावात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. तुम्ही 5 ला गेलात तर मासे पृष्ठभागावर तोंडं उघडीमिटी करताना दिसतील. नवख्याला वाटतं, वा, किती मासे. त्यांना खाण्यात काडीचाही रस नसतो, ते जीव धरून असतात. ऊन पडून तास-दीड तास झाला की गळाला लागायला लागतात. माझ्या मते हिप्परग्यासारख्या ठिकाणी सकाळी 7 ते 9 आणि मग संध्याकाळ. उजनीसारख्या मोठ्या, वारा खाणाऱ्या पाण्यात पहाटेचं गणित ठीक आहे, कारण तिथं लाटांनी हवा मिसळत राहते.

हा हिप्परग्याचा तलाव साधासुधा नाही बरं का. एकरुख तलाव हे त्याचं दप्तरी नाव, 1871 चा, अदिला नदीवर बांधलेला. दीडशे वर्षं गाळ खातोय.

---

भीमाकाठ | 6 मे, दुपारी 1:30

मास्तर, तोंड उघडमीट करणारा मासा आमी बी बगितलाय, पण आमी त्याला "पाणी लागलं" म्हणतो. त्या दिवशी जाळं टाकलं तरी मासा धावत न्हाय. कारण आज कळलं.

पण मरळ सोडून बोला. मरळाला पाण्यातल्या हवंची पत्रास न्हाय. त्यो वर यिऊन दम घितो. भर दुपारी 12 ला बी घितो. म्हणून मे महिन्यात काठावरच्या माणसाचा मासा कुठला, तर मरळ.

---

मास्तर_प्राणिशास्त्र | 6 मे, दुपारी 3:05

शंभर टक्के. मरळाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेणारा अवयव असतो. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागतच नाही, वर येऊ दिलं नाही तर तो पाण्यातही गुदमरून मरतो. इथंच बास आणि मरळ वेगळे पडतात. बासला पाण्यातल्याच प्राणवायूवर जगायचं असतं, त्यामुळे तो उन्हाळ्यात सावली, प्रवाह आणि पाणवनस्पती शोधतो. मरळ गाळ-शेवाळाच्या कोमट डबक्यातही ताठ असतो.

---

साखरपेठ_ते_टेक्सास | 6 मे, सायंकाळी 6:50

मग तुमचं काम आमच्या ह्यांच्यापेक्षा सोपं आहे. तुमचा मासा स्वतः वर येऊन पत्ता सांगतो!

---

भीमाकाठ | 6 मे, रात्री 10:10

व्हय ताई, तसंच हाय. आता दादा, ती बेडकं पाकिटातनं भायेर काढा.

शेवाळाच्या नायतर पाणकणसाच्या कडंला उभं ऱ्हायचं. जवळ जायाचं न्हाय, चार-पाच पावलं मागं, आणि आपली सावली पाण्यावर पडू द्यायची न्हाय. गप बगत बसायचं. "टप्प" असा आवाज यील, बारीक भवरा दिसंल, एक-दोन बुडबुडं. तिथं मरळ. लगीच टाकू नगा डोक्यात. त्याच्या पलीकडं तीन-चार हात टाका आणि शेवाळावरनं बेडूक सरकवत, थांबवत, सरकवत त्याच्या अंगावरनं आणा.

त्यो झडप घालंल तवा लई मोठा आवाज हुतो. तुमी घाबरून हिसका द्याल, समदे देत्यात. बेडूक उडून तुमच्याच टकुऱ्यात बसंल. थांबायचं. तंगूस (गळाची दोरी) ताठ हुस्तवर थांबायचं, मग दणकून हिसका. त्याचा जबडा हाडाचा आसतो, हळू वडलं तर काटा रुतत न्हाय. लागला की शेवाळात घुसू द्यायचा न्हाय. म्हणून तंगूस जाड पायजे, चिलापीचं बारीक तंगूस घिऊन गेला तर बेडूक बी गेला आणि मरळ बी.

---

अकलूजची_सून | 7 मे, सकाळी 11:20

सगळे माशाच्या श्वासाची काळजी करताय, माणसाच्या कोण करणार? माझ्या दिरांना दोन वर्षांमागं असंच गळ टाकून बसल्यावर ऊन लागलं. आधी घाम थांबला, मग बडबडायला लागले, बरोबरच्याला वाटलं चेष्टा करतायत. दवाखान्यात दोन दिवस काढले. घाम थांबला आणि बोलणं बरळल्यासारखं झालं की ते ऊन लागलेलं असतं, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाटलीत नुसतं पाणी नको, मीठ-साखर-लिंबू घाला. एकटं जाऊ नका.

आणि संध्याकाळी वळीव. आभाळ पश्चिमेला काळं झालं, वारा थबकला की गुंडाळा. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान उजनीत नाव उलटून सहा जण गेले, तेव्हा असाच संध्याकाळचा वादळवारा होता. तुम्ही काठावर असाल हे खरं, पण मोकळ्या माळावर हातात लांब काठी घेऊन विजेला आमंत्रण कशाला?

---

मास्तर_प्राणिशास्त्र | 7 मे, दुपारी 12:02

ताईंचं बरोबर. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. विजेच्या तारांखालीही तो उभा धरू नये. आणि ओसरलेल्या काठाचा गाळ वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो, खाली लोण्यासारखा असतो. काठीनं टोचून बघितल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नका, पोहता येत नसेल तर मुळीच नाही.

---

पेणचा_पाहुणा | 7 मे, दुपारी 4:45

परवानगीचं काय? आमच्याकडे तळ्याचा ठेका असतो.

---

गळाला_लागलेला | 7 मे, रात्री 9:33

आपल्याकडेही बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. मी एका तलावावर (नाव राहू दे) न विचारता बसलो होतो, रखवालदारानं पिशवी उलटी करून बघितली. आत दोन बोटभर चिलाप्या. त्यालाच माझी दया आली. तेव्हापासून आधी विचारतो. सिद्धेश्वराच्या तळ्याकडं तर गळ घेऊन फिरकतही नाही, देवाचं पाणी आहे.

---

साखरपेठ_ते_टेक्सास | 8 मे, सकाळी 6:55

इथं परवाना लागतोच. साधारण नियम दिवसाला 5 बास, तेही 14 इंचांच्या वरचे, बाकीचे परत सोडायचे. पण उन्हाळ्यात सोडण्यातही गोम आहे. गरम पाण्यात झुंजून दमलेला मासा तोल सावरून पोहून गेला तरी नंतर मरू शकतो. म्हणून हे त्याला फार वेळ खेळवत नाहीत, हात ओले करून धरतात, शक्यतो पाण्यातच काटा सोडवतात. फोटोसाठी मिनिटभर हवेत लोंबकळत ठेवलेला मासा बघितला की यांचं डोकं फिरतं.

---

कडक_भाकरी | 8 मे, सकाळी 9:15

14 इंचांचा मासा परत सोडायचा? वहिनी, हे वाचून माझ्या आईनं तवा खाली ठेवला.

---

भीमाकाठ | 8 मे, दुपारी 1:50

ताई, आमी सोडत न्हाय, खातो. पण बारकं पिल्लू आलं तर आमी बी सोडतो, त्यात लाज न्हाय. खायाचं आसंल तर ह्या उन्हात मासा दोरीला ओवून काठाच्या कोमट पाण्यात ठिवू नगा. तासात मरतोय आणि मऊ पडतोय. धरला की तिथंच साफ करा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, बर्फ आसंल तर सोन्याहून पिवळं.

---

गळाला_लागलेला | 18 मे, रात्री 8:47

मंडळी, हिशेब द्यायला आलोय.

आज मेहुण्याला बरोबर घेऊन सव्वासहाला पोचलो. मास्तर म्हणाले ते डोळ्यांनी बघितलं. पाण्यावर सगळीकडे तोंडं, कणीक नाकासमोरून नेली तरी ढुंकून बघेनात. दोन आठवड्यांपूर्वी हे बघितलं असतं तर आनंदानं वेडा झालो असतो. मेहुणा चहा प्यायला निघाला होता, बसवून ठेवला. पावणेआठच्या सुमारास वाऱ्याची झुळूक सुरू झाली, तोंडं गायब झाली आणि कणकेत शेंगपेंड मिसळून टाकलेल्या गळाला पाठोपाठ तीन चिलाप्या. जागा पण बदलली होती, पाणी उतरून उघडा पडलेला दगडी बांध जिथं पाण्यात शिरतो तिथं.

मग बेडूक. पाणकणसाच्या कडेला उभा राहिलो, दहा-बारा मिनिटं नुसता बघत. "टप्प." दादा, तुम्ही लिहिलं होतं तोच आवाज! हात थरथरत होते. पहिल्या झडपेला मी हिसका दिला आणि बेडूक मेहुण्याच्या टोपीवर. दुसऱ्या वेळी पण तेच, फक्त टोपी वाचली. तिसऱ्या वेळी डोळे मिटले आणि मनात एक-दोन-तीन म्हटलं. घरी काट्यावर 900 ग्रॅम भरला. साडेनऊला गाडीला किक मारली तेव्हा ऊन नुसतं वर येत होतं.

बायकोनं काळ्या मसाल्यात केला, काटे कमी म्हणून पोरांनीही खाल्ला. बेडूक शोकेसमध्ये जाणार नाही असं तिनं स्वतः जाहीर केलंय.

---

कडक_भाकरी | 18 मे, रात्री 8:59

मेहुण्याच्या टोपीचं वजन किती भरलं?

---

अकलूजची_सून | 18 मे, रात्री 9:14

अभिनंदन! एकटे गेला नाहीत हे वाचून बरं वाटलं.

---

गळाला_लागलेला | 18 मे, रात्री 9:40

दादा, पुढं पाऊस सुरू झाला की हाच बेडूक चालेल का?

---

भीमाकाठ | 19 मे, दुपारी 2:05

पैलं गढूळ पाणी आलं की बेडूक पेटीत ठिवा, गांडूळ घ्या आणि ओढ्याच्या तोंडाला बसा. गढुळात मरळाला दिसत न्हाय, वासानं खाणारा मासा यील. पाणी निवळलं की पुन्यांदा बेडूक. एक ध्यानात ठिवा, पावसाच्या दिवसात शेवाळाजवळ तांबड्या पिल्लांचा पुंजका वरखाली करताना दिसला तर तिथं गळ टाकू नगा. खाली आई-बाप राखण करत आसत्यात. ती दोघं धरली तर दुसऱ्या माशांनी तासात पिल्लं खाऊन टाकली म्हणून समजा.

---

गळाला_लागलेला | 19 मे, रात्री 10:21

पुंजका म्हणजे केवढा असतो? लांबून ओळखू येईल?

---

भीमाकाठ | 20 मे, दुपारी 1:12

सुरवातीला भाकरीएवढा. पंधरा दिसानं परातीएवढा. लांबनं बगितलं तर पाण्यावर कुणीतरी तांबडी चटणी सांडल्यावानी दिसतंय.